पाच वाजताचे बूट

यंदा गणपतीत मंडळाच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक तरुण आई माझ्याजवळ सरकली. तिचा सहा वर्षांचा मुलगा कानांवर हात घट्ट दाबून खांबाआड उभा होता. तिनं अगदी हळू विचारलं, "ताई, तुमच्या मुलाचं वजन तुम्ही कसं आटोक्यात आणलंत?" मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या काकू म्हणाल्या, "अगं, खात्यापित्या घरचं पोर आहे, असू दे की!" ती बिचारी हसली आणि गप्प झाली. मीही गप्प राहिले. त्या प्रश्नाचं उत्तर हातात मोदक घेऊन दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही. म्हणून या वेळचं सदर तिच्यासाठी.

माझ्या मुलाला ऑटिझम आहे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्याचं नाव मी इथे कधी लिहीत नाही. तो फार थोडे शब्द बोलतो, पण नाव त्याचं आहे आणि त्याला विचारल्याशिवाय ते छापणं मला बरं वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये तो दहा वर्षांचा होता. वजन ३४ किलो, उंची १३७ सेंटिमीटर. त्या जानेवारीतलं शाळेच्या तपासणीचं कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे. सकाळी विशेष शाळा, दुपारी जेवण आणि झोप, आणि बरोबर पाच वाजता बूट. बूट घातले की कमाटीबाग. आमच्या बडोद्यात सयाजीबाग असं अधिकृत नाव कोणी घेत नाही. महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग बांधली, आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी ती माझ्या मुलाच्या दिवसाचा कणा झाली. आधी फुलांचं घड्याळ, मग छोट्या आगगाडीचे रूळ, मग पूल, मग परत. क्रम ठरलेला, एक वळणही बदललेलं चालायचं नाही. सव्वा तास तो झपाझप चालायचा आणि मी मागे धावायचे. त्याला आम्ही व्यायाम म्हटलंच नव्हतं कधी. तो फक्त पाच वाजताचा कार्यक्रम होता.

मार्चच्या मध्यात शाळा बंद झाल्या आणि २५ तारखेपासून सगळंच. पहिल्या दिवशी पाच वाजता तो बूट घालून दाराशी उभा राहिला. मी "आज नाही" म्हटलं. तो तिथेच उभा राहिला. सहा वाजले, सात वाजले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं दारावर डोकं आपटायला सुरुवात केली. विषाणू म्हणजे काय, सरकारी आदेश म्हणजे काय, हे त्याला कोणत्या चित्रानं सांगणार? त्याच्या दृष्टीनं घड्याळात पाच वाजत होते आणि आई दार उघडत नव्हती, इतकंच.

त्या दिवशी मी गाठियांचा डबा उघडला.

डोकं आपटणं थांबलं. मला त्या वेळी जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच मी वाटी भरून ठेवली. आठवड्याभरात तो बूट आणायचा थांबला, आणि पाच वाजता डब्याशी जाऊन उभा राहू लागला. त्याची जागा रिकामी राहिली नव्हती. बागेच्या जागी गाठिया आले होते. ही अदलाबदल माझ्या लक्षात यायला सव्वा वर्ष लागलं.

याच काळात स्पेनमध्ये सरकारनं मार्चमध्येच ऑटिझम असलेल्यांना सोबत्याबरोबर बाहेर फिरायला परवानगी दिली होती. फ्रान्सनं २ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाच्याच दिवशी, तशी सूट जाहीर केली. इंग्लंडनंही एप्रिलमध्ये 'दिवसातून एकदाच बाहेर' हा नियम या मुलांसाठी सैल केला. अर्थात कागदावरच्या परवानगीनं सगळं भागत नाही. स्पेनमध्ये लोक बाल्कनीतून या मुलांवर आणि त्यांच्या आईवडिलांवर ओरडायचे, म्हणून काही कुटुंबं ओळख पटावी यासाठी दंडाला निळा पट्टा बांधून बाहेर पडू लागली. हे सगळं मी फार नंतर वाचलं. आम्ही एकदा संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. त्याला मास्क सहन होत नव्हता, कानामागची दोरी लागली की तो तो ओढून फेकायचा. कोपऱ्यावर हटकलं गेलं, आवाज चढला, आणि त्यानं स्वतःचा हात रक्त येईपर्यंत चावला. त्यानंतर मी त्याला घेऊन खाली उतरले नाही. कोणाला दोष द्यावा असं मला आज वाटत नाही, सगळेच घाबरलेले होते. पण निळ्या पट्ट्याचं वाचलं तेव्हा मात्र मला रडू आलं.

आता खाण्याविषयी. "त्याला डाळ-भाजी द्यायची ना, सवय लावली की खातात मुलं," असं सांगणारे प्रत्येक घरात दोन-तीन असतात. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचं खाणं हट्टानं ठरत नाही. ते जिभेच्या, दातांच्या आणि नाकाच्या संवेदनांवर ठरतं. माझ्या मुलाला कुरकुरीत चालतं, गिळगिळीत चालत नाही. वेफर्सचा प्रत्येक तुकडा कालच्यासारखाच लागतो. भाजी मात्र रोज वेगळी असते, कधी वांगं कोवळं, कधी जून. ज्याला जगातला प्रत्येक बदल टोचतो, त्याला पाकिटातल्या पदार्थाचा भरवसा वाटतो. त्याच्या पानात तेव्हा पाचच गोष्टी होत्या: पांढरा भात, बटाट्याच्या काचऱ्या, गाठिया, पिवळ्या पाकिटातले वेफर्स आणि एकाच प्रकारची बिस्किटं. शिवाय पोट भरलं ही जाणीव यातल्या अनेक मुलांना नीट होत नाही. वाटी संपली म्हणजे खाणं संपलं. वाटी पुन्हा भरली की खाणं पुन्हा सुरू.

वर आणखी एक गोष्ट होती, आणि ती करण्यात मी स्वतः पुढे होते. थेरपी मोबाइलवर सुरू झाली. समोर ताई पडद्यावर आणि शेजारी मी. त्यानं बरोबर चित्रावर बोट ठेवलं की लगेच बक्षीस द्यायचं, अशी ही पद्धत. खोलीत ताई असताना बक्षीस म्हणून ती त्याला झोका द्यायची, साबणाचे फुगे उडवायची. पडद्यातून तिला ते जमेना. मग बक्षीस काय? गाठियाचा एक तुकडा. चाळीस मिनिटांत किती तुकडे जात असतील, मी कधी मोजले नाहीत. शंभर ग्रॅम गाठियांत पाचशेहून जास्त कॅलरी असतात, हे नंतर कळलं.

ऑगस्टपर्यंत रात्रीची झोप गेली आणि स्वतःला मारणं वाढलं. डॉक्टरांनी फोनवर बघून रिस्पेरिडोन सुरू केलं. (फोनवर औषध देण्याचे नियम देशात २५ मार्च २०२० लाच निघाले होते, नाहीतर आम्ही काय केलं असतं कोण जाणे.) या औषधाबद्दल एक ऐकीव गैरसमज आहे की ते मुलांना गुंगीत ठेवायला देतात. आमच्या घरात त्यानं झोप आणली, डोकं आपटणं कमी केलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते भूक वाढवतं. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑटिझम असलेल्या १०१ मुलांवरचा अभ्यास छापून आला होता. आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोंनी वाढलं, नकली गोळी घेणाऱ्यांचं ०.८ किलोनं. म्हणजे ही माहिती जुनी होती. आम्हालाही 'भूक वाढेल' असं सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, वाढू दे बाई, झोपतोय ना.

घरात सासूबाई होत्या. टाळेबंदीत बाहेरच्या जगाची भीती, आप्तांच्या वाईट बातम्या, आणि एवढ्या सगळ्यात नातू मागून मागून खातो, हे त्यांना फार मोठं समाधान होतं. लहानपणी तो काहीच खायचा नाही, तेव्हा त्यांनी एकेका घासासाठी घर डोक्यावर घेतलेलं मी पाहिलं आहे. आता त्या दुपारी बटाट्याच्या काचऱ्या तळायच्या, रात्री पुन्हा. मी एकदा म्हटलं, "आई, पुरे आता." त्या म्हणाल्या, "शाळा गेली, बाग गेली. एवढं एकच सुख उरलंय पोराला, तेही काढून घेतेस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं.

२०२१ च्या सुरुवातीला त्याच्या मानेमागे काळपट पट्टा दिसू लागला. मला वाटलं मळ. तो अंघोळीला त्रास देतो, नीट घासलं जात नसेल, म्हणून मी रोज बेसन आणि दूध लावून ती मान चोळत होते. तो ओरडायचा, मी आणखी चोळायचे. जूनमध्ये दुसरी लाट ओसरल्यावर आम्ही प्रत्यक्ष दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मान बघितली, काखा बघितल्या आणि म्हणाले, "हा मळ नाही." शरीरात इन्शुलिन नीट काम करेनासं झालं की कातडी अशी जाड, मखमली आणि काळी होते. त्याला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स असं लांबलचक नाव आहे. मी दोन-तीन महिने त्याच्या आजाराला साबण लावत होते.

काट्यावर ५२ किलो. उंची १४५. पंधरा महिन्यांत १८ किलो. साखर अजून ठीक होती, इन्शुलिन वाढलेलं होतं. रात्री तो घोरत होता, त्याचंही आम्हाला कौतुकच वाटत होतं, गाढ झोपतो म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, गुडघे दुखतात का? कोण सांगणार? तो जिने चढायचं टाळत होता, आणि आम्ही म्हणत होतो की आळशी झालाय.

हे आमच्या एकट्याच्याच घरात घडलं असं नाही. अमेरिकेच्या सीडीसीनं सप्टेंबर २०२१ मध्ये २ ते १९ वयाच्या ४,३२,३०२ मुलांच्या नोंदी तपासून सांगितलं की साथीच्या काळात बीएमआय वाढण्याचा वेग आधीच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. ही सगळ्याच मुलांची गोष्ट. ऑटिझम असलेल्या मुलांत लठ्ठपणा त्याच्या कितीतरी आधीपासून जास्त आहे. तिथल्याच २००३-०४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात या मुलांपैकी ३०.४ टक्के लठ्ठ होती, बाकीच्यांपैकी २३.६ टक्के. म्हणजे उतारावर उभ्या असलेल्या मुलांना साथीनं मागून ढकललं. आकडे वाचून माझी अपराधी भावना गेली नाही, पण 'आपल्याच हातून कसं झालं' हा प्रश्न जरा सैल झाला.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती मला अजून महत्त्वाची वाटते. वजन कमी करायचं नाही, ते आहे तिथे रोखायचं. मूल वाढीच्या वयात आहे, उंची वाढेल, वजन तिथेच राहिलं तरी अंग आपोआप जुळून येईल. औषध मनानं बंद करायचं नाही, ते हळूहळू कमी करणं त्यांचं काम. आमचं काम पाच वाजताचं.

घरी येऊन मी आधी चुकाच केल्या. गाठिया कपाटात कुलूपबंद केले. त्यानं कपाटाचं दार उखडलं. अकरा वर्षांचं ५२ किलोचं मूल चिडलं तर मी त्याला आवरू शकत नाही, हे त्या दिवशी मला आणि बहुधा त्यालाही पहिल्यांदा कळलं. दुसरी चूक म्हणजे भातात किसलेला दुधी लपवला. त्याला पहिल्याच घासात कळलं. मग तीन आठवडे त्यानं भातच सोडला. पाचांतला एक पदार्थ मी माझ्या हुशारीनं घालवला होता. त्या तरुण आईला मी हे आधी सांगेन: लपवू नकोस. या मुलांचा अन्नावरचा विश्वास आधीच तोळाभर असतो.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "त्याला नक्की काय आवडतं? चव की आवाज?" मी कधी असा विचारच केला नव्हता. आवाज! तर मग बडोद्यात राहून खाखरा कसा सुचला नाही? गोल, कोरडा, कुरकुरीत, रोज सारखाच. पण तो पानात वाढायचा नाही, अशी त्यांची सक्त सूचना होती. पहिले काही दिवस खाखरा नुसता टेबलावर वेगळ्या ताटलीत. मग त्यानं तो उचलून आजीला द्यायचा. मग मोडायचा. मोडल्याचा आवाज त्याला इतका आवडला की आठवडाभर आमच्या घरात खाखऱ्यांचा चुरा झाला, आणि तो चुरा आम्ही दोघं चहाबरोबर खात होतो. मग वास, मग जीभ लावणं. पहिला खरा घास चौथ्या महिन्यात. तुटका खाखरा तो आजही खात नाही, अख्खाच लागतो. पुढे त्याच वाटेनं भाजलेले चणे आले, आणि काकडी आली, तीही फक्त बर्फासारखी गार. पालेभाजी आजतागायत नाही. असो.

गाठिया बंद केले नाहीत. एक छोटी वाटी, जेवणाच्या वेळी, आणि भिंतीवरच्या चित्रांच्या वेळापत्रकात त्या वाटीचं चित्र. वाटी कधी येणार हे दिसत असलं की तो दिवसभर डब्याजवळ उभा राहत नाही. थेरपीच्या ताईंना सांगून बक्षीस बदललं: बरोबर उत्तराला लिफ्टचं बटण. हो, लिफ्ट. मोबाइल हातात धरून मी त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये वर-खाली करत असे. शेजारचे काय म्हणत असतील ते म्हणोत.

आणि सासूबाई. मानेचं ऐकल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाच वाजता त्यांनी देवळीतला चिंचोक्यांचा डबा काढला, अकरा चिंचोके त्याच्या मुठीत दिले आणि म्हणाल्या, "चल." सोसायटीच्या आवारात एक फेरी झाली की एक चिंचोका वाटीत टाकायचा. मूठ रिकामी झाली की घरी. मी शंभर वेळा "थोडंसं चालू या" म्हटलं असेल. 'थोडंसं' म्हणजे किती हे त्याला दिसत नव्हतं. चिंचोके दिसत होते. पहिल्या दिवशी तीन फेऱ्यांत तो धापा टाकत बसला. आजी शेजारी बसून राहिल्या, उरलेले आठ मुठीत तसेच. महिन्याभरात अकरा झाले. नंतर त्यांचे गुडघे बोलू लागले, तेव्हा त्या पायरीवर बसून वाटी सांभाळू लागल्या आणि तो एकटा फेऱ्या मारू लागला. काचऱ्या तळायच्या थांबल्या नाहीत, पण दिवसातून एकदाच. त्यांच्यापुरतं हे फार होतं, हे मला समजतं.

बाग पुन्हा उघडली तेव्हा मी मोठ्या उत्साहानं त्याला घेऊन गेले. तो फाटकाशी थबकला आणि मागे वळला. पाच वाजता बागेत जायचं नसतं, हे त्यानं इतक्या कष्टानं शिकून घेतलं होतं, की आता ते विसरायला त्याला दोन महिने लागले. आम्ही रोज फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. एक दिवस तो आपणहून आत गेला आणि थेट फुलांच्या घड्याळापाशी जाऊन उभा राहिला.

जून २०२२ मध्ये वजन ५१ किलो, उंची १५१. मानेवरचा पट्टा फिका झाला होता, पूर्ण गेला नव्हता. औषधाची मात्रा निम्म्यावर आली होती. तो बारीक झाला नाही, अजूनही नाही. आता मिसरूड फुटलंय, माझ्यापेक्षा उंच झालाय, आणि सणावारी नातेवाईक त्याच्या पोटाकडे बघून बोलतातच. तेव्हा सासूबाई वाटीत चिंचोके खुळखुळवतात आणि त्याला "चल" म्हणतात.

प्रसादाच्या रांगेतल्या त्या आईला मी फोन केला. रविवारी ती मुलाला घेऊन येते आहे. येताना तो जे वेफर्स खातो त्याचं पाकीट घेऊन ये, लपवून नाही, त्याच्या हातात देऊन, असं तिला सांगितलंय. आणि त्याचे बूटही. पाचच्या आधी पोचायला हवं, नाहीतर आमचे साहेब थांबणार नाहीत.